हेडर कुठे संपतो, डेटा कुठे सुरू होतो? सीएसव्ही फाइल नीट वाचायची कशी

ज्यांना गर्दीत नीट ऐकू आलं नाही किंवा ऐकलेलं पुन्हा एकदा निवांत बघायचंय, त्यांच्यासाठी ही या भागाची लेखी प्रत. बोलताना येणारे "म्हणजे", "ॲक्च्युअली" बरेचसे काढून टाकलेत, बाकी सगळं तसंच आहे. एक सूचना आधीच देते. कोडमधले शब्द मी बोलते तसेच इथे लिहिलेत. "रीड सीएसव्ही" म्हटलं की पांडाजमधलं ते फंक्शन समजा. नोटबुकमध्ये पहिली दोन अक्षरं टाइप केलीत की बाकीचं स्पेलिंग समोर येतंच.

आजचा विषय दिसायला अगदी छोटा आहे: फाइलच्या वरच्या दोन-चार ओळी. डेटा सायन्सच्या कोर्समध्ये या गोष्टीला जेमतेम दोन मिनिटं मिळतात. "रीड सीएसव्ही लिहा, फाइलचं नाव द्या, झालं." तिथे दिलेली फाइल आधीच धुऊन-पुसून ठेवलेली असते, त्यामुळे खरंच होऊन जातं. मग प्रोजेक्टसाठी कुठल्या तरी सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय साइटवरून खरी फाइल उतरवता आणि पहिल्याच ओळीला लाल एरर येतो. एरर आला तर बरंच म्हणायचं. फाइल चुकीची वाचली गेली आणि एरर आलाच नाही, तर खरा घोळ होतो. आजचा भाग मुख्यतः त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

आधी फाइल म्हणजे काय ते बघू

डिलिमिटेड फाइल म्हणजे साधी मजकुराची फाइल. एका ओळीत एक नोंद, आणि नोंदीतल्या किमती वेगळ्या करायला मध्ये एक ठरावीक चिन्ह. ते चिन्ह स्वल्पविराम असेल तर सीएसव्ही, टॅब असेल तर टीएसव्ही. काही जण उभी रेघ वापरतात. युरोपातल्या बऱ्याच देशांत दशांशासाठीच स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे तिथल्या फाइलमध्ये किमतींच्या मध्ये अर्धविराम असतो. नाव मात्र सीएसव्हीच! म्हणून फाइलच्या नावावरून आत काय आहे ते ठरवू नका.

आपल्याकडे दुसरी गंमत. "१,२३,४५६" अशी रक्कम लिहिली की त्या आकड्यातच दोन स्वल्पविराम आले. फाइल बनवणाऱ्याने ती किंमत दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवली असेल तर वाचताना ती एकच किंमत धरली जाते, पण आकडा म्हणून नाही, मजकूर म्हणून. पांडाजला "थाउजंड्स" या पॅरामीटरमध्ये स्वल्पविराम द्या, मग तो आतले स्वल्पविराम गाळून आकडा करतो. अवतरणचिन्हं नसतील तर मात्र एका रकमेचे तीन कॉलम होतात.

सीएसव्ही कशी असावी, हे २००५ साली आरएफसी ४१८० या दस्तऐवजात लिहून ठेवलं गेलं. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक सीएसव्ही वापरत होते, म्हणजे नियम मागाहून आले. त्यातही हेडरची ओळ ऐच्छिक आहे. असली तर असली, नसली तर नसली. आणि ती आहे की नाही, हे फाइलच्या आत कुठेही नोंदवलेलं नसतं.

आजच्या भागाचा पाया एवढाच: पहिली ओळ नावांची आहे की डेटाची, हे फाइल स्वतः सांगत नाही. प्रोग्राम अंदाज करतो. अंदाज बरोबर आहे ना, हे बघणं आपलं काम.

वरच्या ओळींचे चार प्रकार

फाइलचं वरचं टोक साधारण चार प्रकारांत बसतं.

पहिला: हेडर नाहीच. पहिल्या ओळीपासून थेट डेटा. मशीनमधून किंवा सेन्सरमधून निघालेल्या फाइली बहुधा अशा असतात.

दुसरा: एक ओळ हेडर, मग डेटा. कोर्समधली आदर्श फाइल.

तिसरा: वर काही ओळी माहितीच्या, म्हणजे शीर्षक, स्रोत, तारीख, टिपा. त्यानंतर हेडर, मग डेटा.

चौथा: हेडरच दोन ओळींचा. वरच्या ओळीत नावं, खालच्या ओळीत एककं. "पाऊस" आणि खाली "मिमी", असं.

पांडाज काही न सांगता दुसरा प्रकार गृहीत धरतो. आरमधलं रीड सीएसव्हीसुद्धा तेच करतं. मॅटलॅबमध्ये इम्पोर्टडेटाला हेडरच्या किती ओळी आहेत तो आकडा देता येतो. नमपायच्या जेनफ्रॉमटेक्स्टमध्ये "स्किप हेडर" आहे, पांडाजमध्ये "स्किपरोज" आणि "हेडर". नावं वेगळी, प्रश्न एकच: किती ओळी सोडू आणि नावं कुठून घेऊ?

हेडर नाही, तरी धरला तर?

समजा महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांच्या ३६ फाइली आहेत, हेडर एकीतही नाही. तुम्ही लूप लावून प्रत्येक फाइल साध्या रीड सीएसव्हीने वाचलीत. प्रत्येक वेळी पहिली नोंद कॉलमचं नाव बनली. ३६ फाइली, ३६ नोंदी गायब. एरर एकही नाही.

हे ओळखायची खूण सोपी आहे. कॉलमची नावं छापून बघा. नावांच्या जागी "१७.५", "२०२३", "लातूर" असं काही दिसलं, तर पहिली नोंद गिळली गेली. अजून एक खूण म्हणजे नावाच्या शेवटी चिकटलेलं "पॉइंट एक". दोन कॉलमची नावं सारखी आली तर पांडाज दुसऱ्याला "पॉइंट एक" जोडतो. पहिल्या ओळीत "१२" दोनदा असेल तर कॉलम होतात "१२" आणि "१२.१". असा १२.१ फाइलमध्ये कुठेच नसतो.

उपाय: "हेडर = नन" द्या आणि "नेम्स" मध्ये स्वतःची नावं द्या.

आता याच्या उलट. फाइलला हेडर आहे, पण त्यातली नावं तुम्हाला आवडत नाहीत, म्हणून तुम्ही फक्त "नेम्स" दिलंत. नेम्स दिलं की पांडाज समजतो की फाइलमध्ये हेडर नसणार. मग जुना हेडर पहिली नोंद बनून डेटात शिरतो. त्या एका ओळीमुळे आकड्यांचा अख्खा कॉलम मजकूर होतो, कारण "पाऊस" या शब्दाचा आकडा करता येत नाही. इथे "हेडर = शून्य" आणि "नेम्स" दोन्ही एकत्र द्यायचे. म्हणजे "हेडर आहे, तो टाक आणि माझी नावं घे".

हाच प्रकार फाइली एकाखाली एक चिकटवताना होतो. हेडर असलेल्या ३६ फाइली टर्मिनलवरून जोडल्यात तर पहिला हेडर जागेवर राहतो आणि उरलेले ३५ डेटाच्या मध्ये घुसतात. म्हणून फाइली आधी एकेक वाचा, मग कॉन्कॅटने जोडा.

एक फाइल ओरडते, दुसरी गप्प बसते

आता तिसरा प्रकार. दोन खऱ्या फाइली घेऊ, दोन्ही फुकट मिळतात.

पहिली जागतिक बँकेची. त्यांच्या साइटवर लोकसंख्या किंवा जीडीपी असा कुठलाही निर्देशक उघडा आणि सीएसव्ही उतरवा. पहिल्या ओळीत डेटाचा स्रोत. दुसरी ओळ रिकामी. तिसरीत शेवटचं कधी अपडेट केलं ती तारीख. चौथी रिकामी. पाचव्या ओळीत खरा हेडर: देशाचं नाव, देशाचा कोड, निर्देशकाचं नाव, त्याचा कोड आणि मग १९६० पासूनची वर्षं.

ही साध्या रीड सीएसव्हीने वाचायला गेलात तर पांडाज थांबतो. त्याचं म्हणणं असं: वरच्या ओळींवरून मी तीन कॉलम धरले होते, पाचव्या ओळीत एकदम साठच्या वर कसे आले? लाल अक्षरं बघून घाबरायला होतं, पण हा एरर तुमच्या बाजूचा आहे. कितव्या ओळीत गडबड आहे, ते तो आकड्यात सांगतोय. "स्किपरोज = ४" द्या, काम झालं.

इथे एक बारकावा. याच फाइलसाठी काही जण "हेडर = २" लिहितात आणि तेही चालतं. वर चार ओळी असताना दोन कसे चालले? कारण पांडाज आपणहून रिकाम्या ओळी सोडतो आणि "हेडर" चा आकडा त्या सोडून मोजतो, तोही शून्यापासून. स्रोताची ओळ शून्य, तारखेची एक, हेडर दोन. "स्किपरोज" मात्र फाइलमधल्या प्रत्यक्ष ओळी मोजतो, रिकाम्यांसकट. दोन्हींचा हिशेब वेगळा आहे, हे माहीत नसलं की माणूस कधी तीन, कधी पाच असे आकडे टाकून बघत बसतो.

या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा स्वल्पविराम असतो. त्यामुळे उजव्या टोकाला "अननेम्ड" नावाचा रिकामा कॉलम येतो. तो काढून टाका, डेटाचं काही बिघडत नाही.

दुसरी फाइल नासाच्या गॉडार्ड संस्थेची, पृथ्वीच्या सरासरी तापमानाची. १८८० पासून प्रत्येक महिन्याचं तापमान १९५१ ते १९८० च्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त होतं, ते यात आहे. हवामान बदलाचे जे आलेख तुम्ही रील्समध्ये बघता, त्यातले कितीतरी याच आकड्यांवरून काढलेले असतात. फाइलच्या पहिल्या ओळीत फक्त शीर्षक, त्यात एकही स्वल्पविराम नाही. दुसऱ्या ओळीत हेडर: वर्ष, बारा महिने आणि सहा सरासऱ्या, असे १९ कॉलम.

ही साध्या रीड सीएसव्हीने वाचा. एरर येत नाही! पांडाजला हेडरमध्ये एकच नाव दिसलं आणि खाली १९ किमती. त्याचा एक जुना नियम आहे: डेटात कॉलम जास्त आणि नावं कमी असतील, तर डावीकडचे जादा कॉलम हे ओळींचे लेबल, म्हणजे इंडेक्स. मग पहिले १८ कॉलम इंडेक्समध्ये जातात आणि शेवटचा एकटा "डेटा" म्हणून उरतो. स्क्रीनवर तक्ता भरलेला दिसतो, सगळे आकडे समोर असतात, म्हणून वाटतं की झालं. पुढे "जानेवारी" हा कॉलम मागितला की कळतं, असा कॉलमच नाही.

उपाय इतकाच की "स्किपरोज = १" द्यायचं. एकीकडे ओरडणारी फाइल, दुसरीकडे गप्प बसणारी, आणि दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच: वरच्या जादा ओळी.

हेडरची लांबीच बदलत असेल तर?

एका श्रोतीने विचारलं होतं, "ताई, दर वेळी फाइल उघडून ओळी मोजायच्या का?" एक-दोन फाइली असतील तर हो, मोजा. पण काही फाइलींत हा आकडा बदलतो.

उदाहरण नासाच्याच पॉवर नावाच्या सेवेचं. लातूर, कणकवली, पणजी, कुठलाही बिंदू नकाशावर निवडा, आणि तिथलं रोजचं तापमान, पाऊस, सूर्यप्रकाश सीएसव्हीमध्ये मिळतं. शेतीच्या प्रोजेक्टसाठी भारी सोय आहे. या फाइलच्या वर माहितीचा मोठा ठोकळा असतो: तारखा, अक्षांश-रेखांश, उंची आणि तुम्ही निवडलेल्या प्रत्येक घटकासाठी एकेक ओळ. घटक दोन निवडलेत तर ठोकळा लहान, सहा निवडलेत तर मोठा. म्हणजे मित्राच्या कोडमधला स्किपरोजचा आकडा तुमच्या फाइलला चालेलच असं नाही. आकडा कमी पडला तर ठोकळ्याच्या ओळी डेटात येतात, जास्त झाला तर खरा हेडर आणि सुरुवातीचे दिवस उडतात.

पण फाइल बनवणाऱ्यांनी चांगलं काम करून ठेवलंय. ठोकळा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते "बिगिन हेडर" आणि "एंड हेडर" अशा ओळींनी दाखवलंय. म्हणून कोड असा लिहायचा: फाइल साध्या ओपनने उघडा, ओळीमागून ओळ वाचा, "एंड हेडर" दिसलं की तिचा क्रमांक लक्षात ठेवा. एन्युमरेट शून्यापासून मोजतं, म्हणून त्यात एक मिळवा. तो आकडा स्किपरोजला द्या. पाच ओळींचा कोड, पण मग फाइल कितीही लांब हेडरची असो, चालतो.

काही फाइलींत वरच्या माहितीच्या ओळी हॅशच्या चिन्हाने सुरू होतात. तिथे "कॉमेंट" या पॅरामीटरमध्ये हॅश दिलं की त्या ओळी आपोआप सुटतात. दोन गोष्टी मात्र बघा. खऱ्या हेडरच्या ओळीलाही सुरुवातीला हॅश असेल तर तीसुद्धा जाईल. आणि डेटाच्या मध्ये कुठे हॅश असेल, समजा पत्त्यात "फ्लॅट #१२", तर तिथपासून पुढची सगळी ओळ कापली जाईल.

चौथ्या प्रकारासाठी, म्हणजे एककांच्या ओळीसाठी, स्किपरोजला आकड्याऐवजी यादी देता येते. यादीत फक्त एक लिहा. शून्य क्रमांकाची ओळ हेडर म्हणून राहते, एक क्रमांकाची एककांची ओळ सुटते. सोडण्याआधी एककं वहीत लिहून ठेवा. मिमी की सेमी, हे नंतर कुणी विचारणारच.

आकडा नसलेला आकडा

हेडर नीट वाचला, आता आतला डेटा. एखाद्या दिवशी मोजमाप झालंच नाही तर फाइलमध्ये काय लिहायचं? कुणी जागा रिकामी ठेवतं. नासाच्या तापमानाच्या फाइलमध्ये तिथे तीन तारका असतात. पॉवरच्या फाइलमध्ये उणे ९९९.

तारका बऱ्या, कारण त्या लपत नाहीत. कॉलमचा प्रकार मजकूर होतो आणि सरासरी काढताना अडतं. "एनए व्हॅल्यूज" मध्ये तीन तारका द्या, विषय संपला.

उणे ९९९ हा मात्र दिसायला रीतसर आकडा आहे. कुठल्याच वाचणाऱ्या फंक्शनला त्यात वावगं दिसत नाही. हिशेब करून बघू. एका गावाचं वर्षभराचं सरासरी तापमान २७ अंश. ३६५ पैकी फक्त एका दिवसाच्या जागी उणे ९९९ आहे. ३६४ गुणिले २७ म्हणजे ९,८२८. त्यातून ९९९ गेले, राहिले ८,८२९. भागिले ३६५, उत्तर २४.२. एका दिवसामुळे वर्षाची सरासरी जवळजवळ तीन अंशांनी उतरली! आणि २४.२ हा आकडा बघून कुणालाही शंका येणार नाही. महाराष्ट्रात अशी थंड गावं असतातच की. उत्तर उणे ५० आलं असतं तर लगेच पकडलं असतं.

म्हणून दोन गोष्टी करा. वरचा माहितीचा ठोकळा वगळण्याआधी एकदा वाचा, गैरहजर किमतीसाठी काय वापरलंय ते पॉवरच्या फाइलमध्ये तिथेच लिहिलेलं असतं. आणि वाचून झाल्यावर प्रत्येक कॉलमची किमान आणि कमाल किंमत बघा. डिस्क्राइब हे फंक्शन एका फटक्यात दोन्ही दाखवतं.

उलट बाजूही आहे. पांडाज काही शब्द आपणहून "किंमत नाही" म्हणून धरतो, त्यात "एनए" ही दोन रोमन अक्षरं येतात. आणि नामिबिया या देशाचा दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय कोड नेमका तोच! देशांची यादी वाचलीत की नामिबिया रिकामा होतो. उपाय: "कीप डीफॉल्ट एनए = फॉल्स" द्या आणि खरोखर गैरहजर काय ते स्वतः सांगा.

शून्य कुठे गेलं?

मुंबईचा एसटीडी कोड ०२२, पुण्याचा ०२०. फाइलमध्ये बरोबर लिहिलेले असतात. वाचल्यावर २२ आणि २० होतात, कारण पांडाजला ते आकडे वाटतात आणि आकड्याच्या सुरुवातीच्या शून्याला अर्थ नसतो. पण हे आकडे नाहीतच, ती ओळख आहे. साधी कसोटी सांगते: या कॉलमची बेरीज किंवा सरासरी काढण्यात काही अर्थ आहे का? नसेल तर तो मजकूर. फोन नंबर, खाते क्रमांक, रोल नंबर, गावांचे कोड, सगळ्यांना वाचतानाच "डीटाइप = स्ट्र" द्या. नंतर दुरुस्त करता येत नाही, कारण गेलेली शून्यं किती होती ते कळायला मार्ग नसतो.

स्प्रेडशीटमध्ये हा त्रास अजून वाढतो. जनुकांच्या नावांचं प्रकरण ऐकलं असेल. "मार्च १" आणि "सेप्ट २" अशी जनुकांची चिन्हं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशात अशा चुका होत्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि अशा जनुकांची चिन्हंच बदलली गेली. सॉफ्टवेअरच्या अंदाजापुढे शास्त्रज्ञांनी माघार घेतली, असं म्हणा हवं तर.

मराठी फाइलींचे खास प्रश्न

हे आपल्या कामाचं. मराठी मजकुराची सीएसव्ही पायथनमधून लिहिली, एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली, की "लातूर" च्या जागी टोपी घातलेल्या विचित्र रोमन अक्षरांची माळ दिसते. फाइल खराब झालेली नसते. ती यूटीएफ ८ मध्ये आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं. लिहिताना एन्कोडिंग "यूटीएफ ८ सिग" द्या. त्याने फाइलच्या अगदी सुरुवातीला बॉम नावाची एक अदृश्य खूण पडते आणि एक्सेल नीट उघडतं.

आता तीच खूण वाचताना आडवी येऊ शकते. पायथनच्या साध्या सीएसव्ही मॉड्यूलने, एन्कोडिंग नुसतं यूटीएफ ८ देऊन वाचलंत, तर पहिल्या कॉलमच्या नावाला ती खूण चिकटून येते. डोळ्यांना नाव "जिल्हा" दिसतं, पण कोडमध्ये "जिल्हा" मागितलं की सापडत नाही. वाचतानाही "यूटीएफ ८ सिग" द्या. असाच त्रास नावाआधीच्या मोकळ्या जागेचा, ती सगळ्या नावांवर स्ट्रिप चालवून काढा.

जुन्या कार्यालयांतल्या फाइली कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्यात आत मराठी अक्षरं नसतातच, वेगळीच अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तिथे एन्कोडिंग बदलून काही होत नाही, युनिकोडमध्ये रूपांतर करणारं साधन लागतं.

आणि देवनागरी आकडे! फाइलमध्ये "१२३" असेल तर पांडाज त्याला मजकूर समजतो. पण पायथनचं इंट हे फंक्शन देवनागरी अंक ओळखतं. इंटला "१२३" द्या, बरोबर आकडा परत मिळतो. त्यामुळे त्या कॉलमवर मॅपने इंट चालवलं की झालं. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा मजा वाटेल.

गुपचूप गळणाऱ्या ओळी

एरर आला की लोक इंटरनेटवर शोधतात आणि एक झटपट उत्तर मिळतं: "ऑन बॅड लाइन्स = स्किप". म्हणजे ज्या ओळी बसत नाहीत त्या सोडून दे. एरर जातो. सोबत ओळीही जातात, आणि किती गेल्या ते कुणी सांगत नाही. मघाची जागतिक बँकेची फाइल अशी वाचलीत तर वरच्या माहितीवरून तीन कॉलम धरले जातील आणि सगळे देश "वाईट ओळी" म्हणून बाहेर पडतील. निदान "वॉर्न" द्या, म्हणजे गळालेल्या ओळींची नोंद समोर दिसेल.

ओळी गुपचूप गळण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं. कोविडच्या काळात प्रयोगशाळा आपले निकाल सीएसव्हीमध्ये पाठवत होत्या. पब्लिक हेल्थ इंग्लंड ते एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपात ओढून घेत होतं. त्या स्वरूपात एका शीटवर ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. पुढच्या ओळी आल्याच नाहीत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून सुटले. आकडे नंतर दुरुस्त झाले, पण त्या लोकांच्या संपर्कात कोण आलं होतं, ते शोधायला उशीर झाला. आलेल्या ओळी आणि वाचलेल्या ओळी यांचा साधा ताळा रोज घेतला असता, तर फरक पहिल्याच दिवशी दिसला असता.

फाइलचं खालचं टोकही बघत जा. बऱ्याच अहवालांत शेवटची ओळ "एकूण" असते. ती डेटात राहिली आणि तुम्ही कॉलमची बेरीज केलीत, तर उत्तर बरोबर दुप्पट येतं. "स्किपफूटर = १" दिलं की ती सुटते, फक्त सोबत इंजिन "पायथन" निवडावं लागतं.

मग रोज करायचं काय?

पाच सवयी सांगते. फोनवर कोलॅब उघडूनसुद्धा करता येतील.

एक, फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडण्याआधी मजकूर म्हणून बघा. पहिल्या दहा ओळी रेप्र लावून छापा, म्हणजे टॅब, बॉम, जादा मोकळ्या जागा, सगळं उघडं पडतं.

दोन, कागदावर तीन उत्तरं लिहा: विभागणारं चिन्ह कोणतं, हेडर कितव्या ओळीत, गैरहजर किंमत कशी लिहिलीय.

तीन, ती उत्तरं रीड सीएसव्हीला स्पष्ट सांगा. डीफॉल्ट बरोबर असला तरी लिहा. सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला, म्हणजे बहुधा तुम्हालाच, बरं पडतं.

चार, वाचल्यावर शेप, डीटाइप्स, हेड, टेल आणि डिस्क्राइब बघा. आकड्यांचा कॉलम ऑब्जेक्ट किंवा स्ट्रिंग म्हणून दिसला, तर आत कुठेतरी अक्षरं आहेत.

पाच, ओळींचा ताळा. फाइलमधल्या एकूण ओळी, वजा वरच्या आणि खालच्या जादा ओळी, हे उत्तर शेपशी जुळलं पाहिजे. अवतरणचिन्हांच्या आत नवी ओळ असेल तर फरक येऊ शकतो, पण मग तो का आला ते तरी शोधाल.

सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे. या फाइलींतून पुढे कुणाची तरी विम्याची रक्कम ठरते, कुणाच्या गावाचा पाऊस ठरतो, कुणाचा निकाल लागतो. मॉडेल कितीही भारी लावा, पहिली ओळ चुकीची वाचली गेली असेल तर पुढचं सगळं त्याच चुकीवर उभं राहतं.

आज घरी करायला एक काम. नासाची ती तापमानाची फाइल उतरवा, आधी काहीच न सांगता वाचा आणि कॉलम किती आले ते मोजा. मग "स्किपरोज" आणि "एनए व्हॅल्यूज" देऊन पुन्हा वाचा. १९ कॉलम आले की समजा जमलं. १८८० च्या ओळीत दोन किमती रिकाम्या दिसतील. त्या का रिकाम्या आहेत ते जरा डोकं लावून शोधा. इशारा देते: त्या दोन्ही सरासऱ्यांना आधीच्या वर्षाचा डिसेंबर लागतो.

उत्तर मिळालं तर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर डेटा सांभाळा, आणि पहिली ओळ बघायला विसरू नका!